घासाचा वाफा आणि एकटा दोन

राहुरीजवळच्या आमच्या शेतात गाईंसाठी घासाचा एक चौरस वाफा होता, दहा काठ्या लांब, दहा काठ्या रुंद. काठी वडिलांची, बांबूची. टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. गाई वाढल्या तसा वडिलांना दुप्पट घास हवा होता, आणि नवा वाफाही चौरसच. लांबुळका वाफा त्यांच्या डोळ्यांत खुपायचा.

मी नुकतीच बीएस्सी झाले होते आणि पुण्याला जाऊन गणितच शिकायचं म्हणून हटून बसले होते. वडील हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. "एवढी शिकलीस, तर नव्या वाफ्याची बाजू सांग," म्हणाले. आता यावरच सगळं ठरणार, हे मी ओळखलं.

मी ऐटीत सांगितलं, "चौदा काठ्या आणि एका काठीचा सातवा हिस्सा."

त्यांनी मातीत गुणाकार मांडला. दोनशेपेक्षा किंचित जास्त निघालं. "मंग अजून बारीक हिस्से कर की."

"कितीही बारीक केले तरी नेमकं बसणार नाही."

"समदे हिस्से करून पाह्यलेस व्हय?"

खरं सांगते, कॉलेजात इतका चोख प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. इतका आनंद झाला की मी बांधावरच बसकण मारली.

म्हटलं, समजा जुन्या आणि नव्या वाफ्याच्या बाजू एकाच मापाच्या बारीक हिश्शांत पूर्ण मोजता आल्या. कुठलीही संख्या फोडत गेलं की शेवटी मूळ संख्या उरतात, दोन, तीन, पाच, सात, ज्या पुढे फुटत नाहीत. संख्येला त्याच संख्येनं गुणलं की त्या सगळ्यांच्या जोड्या लागतात. जुन्या वाफ्याच्या क्षेत्रफळात जोड्या, नव्यातही जोड्याच हव्यात. पण नवा म्हणजे जुन्याची दुप्पट, त्यात दोन हा आकडा एकदा जास्तीचा. त्याला जोडीदारच नाही. म्हणून ही बाजू अपूर्णांकात बसत नाही; पुस्तकात तिला अपरिमेय म्हणतात.

वडिलांनी मातीतला गुणाकार पुसला. "म्हंजी ती बाजू हायच न्हाई?"

"आहे की!" जुन्या वाफ्याच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मी दोरी ताणली. "ही घ्या, नेमकी. हिच्यावर आखलेला चौरस जुन्याच्या बरोबर दुप्पट भरतो."

त्यांनी दोरीला गाठ मारली आणि तिच्याच मापानं चार खुंट्या ठोकल्या. काठी बांधावरच पडून राहिली.

दोरी गुंडाळताना त्यांनी विचारलं, "पुन्यात ह्याच्या फुडचं शिकवत्यात?"

"हो."

"मंग जा. आन त्या एकट्या दोनाचं फुडं काय हुतं, तेवढं इचारून ये."