वैशूचं धनुष्य आज सरळ केलं

मंडळी, आज लय दमलोय, पण हे लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

उद्या सांगलीत वैशूची, माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीची, तिरंदाजीची निवड चाचणी आहे. निवड झाली तर ती पुण्याला होस्टेलवर जाणार. मी कॉलेज अर्धवट सोडून साताऱ्यातच बसलोय.

दुपारभर तिच्या कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचं ट्यूनिंग केलं. चौकटीवर ताणलेल्या वर्तमानपत्रातून ती बाण मारायची. कागद आडवा फाटला की बाण तिरका जातोय, म्हणून मी बाण टेकायची रेस्ट केसभर सरकवायचो. शेवटी फाट नखाएवढी उरली.

"झालं का रं? हात भरून आले माझे."

झालं म्हटलं असतं, तर तिनं विश्वास ठेवला असता. उद्या बाण कडेला गेले असते आणि ती इथंच राहिली असती. पाना बोटांत फिरवत मी ती फाट बघत राहिलो.

"आज परत कुणाशी भांडलास व्हय?"

"न्हाई. अजून एक मार."

रेस्ट सरकवली. या वेळी कागदाला नीट गोल भोक पडलं. ती खळखळून हसली.

मनातलं तिला अजून सांगितलेलं नाही. पहाटेच्या एसटीवर तिला सोडायला जाऊ का नको?