छातीत दुखायचं, हृदय ठणठणीत होतं

इचलकरंजीला वडील दुसऱ्याच्या मागावर कामाला होते, आई घरी कांड्या भरायची. वीज गेली की माग बंद, माग बंद की मजुरी बंद. त्या घरातला मी पहिला पदवीधर. २०१४ साली सिंगापूरला, तुआसच्या जहाजदुरुस्ती यार्डात इंजिनिअर म्हणून लागलो. हे मी अभिमानानेच सांगतो.

पहिल्यांदा दुखलं ते सोमवारी सकाळी, आम्ही राहायचो त्या यिशुनहून निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये. छाती आवळली, डावा हात बधिर झाला, घामाने शर्ट भिजला. वाटलं, संपलं. इस्पितळात ईसीजी काढला. मग ट्रोपोनिन तपासलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली असेल तर ते रक्तात वाढलेलं दिसतं. पडद्याआड पडून निकालाची वाट पाहिली. दोन्ही नॉर्मल.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून लहान. म्हणाल्या, "हृदय ठीक आहे. हा पॅनिक अटॅक. समोर धोका नसताना शरीर धोका असल्यासारखं वागतं. दुखतं ते मात्र खरंच दुखतं. कामावर काय चाललंय?"

काही नाही म्हणालो. साहेब पुण्याचे आहेत, मोठ्या भावासारखे.

त्यांनीच मला नोकरीला लावलं होतं. मी पहिल्या दिवसापासून त्यांना दादा म्हणत आलो. बाकीचे त्यांना नावाने हाक मारत, खुशाल वाद घालत. मला ते जमेना. दादाला उलट कसं बोलायचं? मी आखलेलं दुरुस्तीच्या कामाचं वेळापत्रक ते स्वतःच्या नावावर पुढे पाठवत. मीटिंगमध्ये हसत हसत मराठीत म्हणत, "काय रे, मागावरून उठून आलास, अक्कल तिथंच ठेवलीस का?" इतरांना वाटे, दोघांची थट्टा चाललीय. मीही हसायचो.

गणपतीला आम्ही त्यांच्या मरीन परेडच्या कॉन्डोत, म्हणजे बड्या सोसायटीतल्या फ्लॅटवर, आरतीला जायचो. वहिनी माझ्या मुलीच्या हातावर मोदक ठेवायच्या. तक्रार करायची कोणाची? सिंगापुरात राहून काम करायचा परवाना, म्हणजे पास, कंपनीने काढलेला. नोकरी गेली की पास जाणार, मुलीची शाळा जाणार. सीमा, माझी बायको, म्हणायची, घरचेच आहेत ते, गोडीने बोलून बघा. गोडीने बोललो. पुढच्या मीटिंगमध्ये त्याचीही टिंगल झाली.

दुसरा अटॅक एमआरटीत, तिथल्या मेट्रोत, आला. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो आणि तिथे साहेबांचं सगळं सांगितलं. त्यांनी एसएसआरआय गटातली गोळी दिली. ती चिंता हळूहळू उतरवते, गुण यायला काही आठवडे लागतात. तिथल्या समुपदेशक स्पष्टच बोलल्या, "गोळीने भीती कमी होईल. साहेब बदलणार नाही."

रजेसाठी एमसी, म्हणजे डॉक्टरचा दाखला, दिला तेव्हा दादा हसले. "डोक्याची एमसी? गावी कळवलंस का, पोरगा वेडा झाला म्हणून?"

यानंतरच्या एका मीटिंगमध्ये पुन्हा तेच मागाचं बोलणं निघालं. प्रोजेक्टचे प्रमुख टॅन म्हणाले, जोक आम्हालाही सांगा. एरवी मी मान हलवून सोडून द्यायचो. त्या दिवशी सोडलं नाही. मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला.

कोणी हसलं नाही. दादा मराठीत म्हणाले, "अरे, घरातली गोष्ट बाहेर काढतोस?"

मी तेही इंग्रजीत सांगितलं.

टॅननी विचारलं, नेहमी असंच बोलतात? मी हो म्हणालो.

कंपनीने चौकशी लावली, ती रेंगाळली. दादा म्हणाले, थट्टा होती. मला दुसऱ्या विभागात हलवलं, ते आपल्या खुर्चीवरच राहिले. ओळखीच्या मराठी घरांतून बोलावणी थांबली. सीमाला ते फार लागलं. मलाही.

तुमच्या छातीत दुखलं तर आधी हृदयच तपासा, अंगावर काढू नका. पण ते ठीक निघालं, म्हणून नुसतं हुश्श करून घरी येऊ नका. कामावर काय होतं ते डॉक्टरांना सांगा. मी पहिल्याच दिवशी खोटं बोललो आणि कितीतरी महिने फुकट घालवले. त्या डॉक्टरीणबाईंचे आभार मानायचे राहूनच गेले.

वर्षभराने डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करून बंद केली. पास रिन्यू झाला. आज मी त्याच यार्डात सीनिअर इंजिनिअर आहे.