गुऱ्हाळावरची तुर्की

कागद किंवा शिलालेख दाखवल्याशिवाय मी काहीच मानत नाही. वर्गात मुलं किल्ल्यातल्या आवाजांचे किस्से सांगायची, तेव्हा मी पुरावा मागून त्यांना गप्प करायचो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे... पण दोन वर्षं झाली, आता मनात राहत नाही.

मी नगरला, सावेडीत राहतो. निजामशाहीत इथे तोफा ओतायला आलेल्या तुर्की कारागिरांवर माझं संशोधन आहे. त्यासाठी इस्तंबूलला राहून जुनी तुर्की शिकलो.

जानेवारीत शनिशिंगणापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत, एका गुऱ्हाळावर गूळ घ्यायला गेलो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. उकळत्या रसाची मोठी कढई – काहील – यारीनं, म्हणजे साखळीच्या कप्पीनं, उचलून जमिनीतल्या सिमेंटच्या वाफ्यात ओतायची वेळ झाली होती. चिपाडं वाळत घालणारी एक बाई एकाएकी ताठ झाली आणि रडत ओरडू लागली –

"दोकमेन... आशागादा आदम वार..."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. ही तुर्की होती. अर्थ अगदी सरळ – ओतू नका, खाली माणूस आहे.

मी धावत जाऊन वाफ्यात पाहिलं. रिकामा होता.

"रोज काहील उतरायच्या टायमाला आसंच करती," मालक म्हणाले. "बाहेरचं हाय म्हन्त्यात."

बाईचं नाव सुमन. पाथर्डीकडची. नवरा आजिनाथ वाफ्यात गूळ घोटायच्या कामाला होता. आधी वाटलं, मोबाईलवर एखादी तुर्की मालिका पाहिली असेल. पण दोघांत मिळून एकच बटणाचा फोन होता. शिवाय 'आशागादा'मधला 'ग' आजचे तुर्क गिळतात. ती तो ठणठणीत म्हणत होती, चारशे वर्षांपूर्वी म्हणत असतील तसा.

मी रेकॉर्डर घेऊन पुन्हा गेलो. तिसऱ्या खेपेला सुमनबाईंनीच मला गाठलं. दंडावर काळेनिळे वळ होते. सासरच्यांनी देवऋषाकडे नेलं होतं.

"सर, तुमाला कळतंय व्हय, मी काय बोलते ते?"

मालक, आजिनाथ, सगळेच माझ्याकडे पाहत होते. खरं सांगितलं, तर हिला आणखी मारतील असं मला वाटलं. आणि – लपवत नाही – हिला तिथून हलवलं, तर माझं रेकॉर्डिंग बंद पडेल, हेही मनात आलं.

"प्रार्थना आहे," मी म्हणालो. "जुन्या कारागिरांची. काम सुरू करायच्या आधीची."

सुमनबाईंनी हात जोडले. आजिनाथ हसला. "म्हंजी चांगलंच हाय की, सर."

त्यानंतर त्यांना कुणी त्रास दिला नाही. उलट त्या ओरडू लागल्या, की सगळे हात जोडायचे. मग काहील ओतायचे. मी हे डोळ्यांनी पाहिलं, आणि मला बरंही वाटलं.

फेब्रुवारीच्या अखेरीस मालकांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. आजिनाथ राहिलेलं फावडं काढायला वाफ्यात उतरला होता. वाफ इतकी होती, की कुणाला तो दिसला नाही. सुमनबाई नेहमीसारख्या ओरडत होत्या. सगळे डोळे मिटून उभे राहिले. मग यारी ओढली.

आजिनाथ नवव्या दिवशी नगरच्या दवाखान्यात वारला.

दहाव्यानंतर मी पाथर्डीकडे त्यांच्या गावी गेलो. सुमनबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि त्या वाक्याचा खरा अर्थ सांगितला. खोटं का बोललो तेही सांगितलं. वाटलं, शिव्या देतील, अंगावर येतील.

"म्हंजी मी सांगत हुते," त्या म्हणाल्या.

"हो."

"आन समदी हात जोडून उभी ऱ्हायली."

त्या आत निघून गेल्या.

तोफ ओतताना असा कुणी माणूस मेल्याची नोंद मी नंतर खूप शोधली. आजवर मिळालेली नाही. तिसरीत शाळा सुटलेल्या बाईच्या तोंडी ती भाषा कुठून आली, आणि ती मागचं सांगत होती की पुढचं... मला माहीत नाही. रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. मी ते कुणाला ऐकवलेलं नाही, कुठल्या लेखात वापरलेलंही नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या भावाला फोन केला होता. आता त्या माहेरीच असतात, खुरपणीला जातात. तसं पुन्हा एकदाही झालं नाही म्हणाला. मी बोलू का, असं विचारलं. त्यानं फोन बाजूला धरून विचारल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "न्हाई म्हन्तीय, सर."