उताऱ्यात नसलेली वाक्यं

"ही झाडायला हाय का शिकायला?"

शॉर्टहँडच्या क्लासच्या दारात उभ्या राहिलेल्या तात्यांनी माझ्याकडं बोट करून हे सरांना विचारलं. तात्या म्हणजे आमच्या नेकनूरकडचे बागायतदार. त्यांचा पुतण्या माझ्याच बॅचला होता. डिक्टेशन चालू होतं. सरांच्या एका हातात घड्याळ, दुसऱ्यात उतारा. सर हसले.

"दोन्हीला. सकाळी झाडती, मग शिकती."

"त्या वस्तीतली ना? तिला कशाला पायजे स्पीड? सवलतीत मिळंलच की नोकरी."

"तर काय. आपल्या पोरांनी मात्र लिहून लिहून बोटं मोडायची," सर म्हणाले.

वर्गातले बारा जण खाली मान घालून हसले.

खोटं कशाला सांगू, मी झाडत होते. बीडला पहिल्या एस्टीनं यायचे, वर्ग उघडायच्या आधी. "आलीयस तर झाडून घे," सर म्हणाले होते. दुसरं कुणी लवकर आलं तर त्याला बाकावर बस म्हणायचे. मला वाटायचं, सरांचा माझ्यावर विश्वास आहे. या मूर्खपणाचा राग अजून जात नाही.

शॉर्टहँड एकट्यानं येत नाही. समोर कुणीतरी वाचणारा लागतो. वर्गात सगळ्यांच्या जोड्या होत्या. माझ्यासाठी वाचायला कुणी बसायचं नाही. घरी आईला अक्षर येत नव्हतं. मग मी रेडिओच्या बातम्या लिहायचे. दर दोन शब्दांमागे एक निसटायचा. बीडात तेव्हा कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागायला लागल्या होत्या. माझ्यासारखीला मात्र कोर्टातली स्टेनोची जागा हीच एक वाट दिसत होती आणि मिनिटाला साठ शब्दांच्या स्पीडची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

सर पहिल्या दिवसापासून एकच शिकवत आले होते: कानावर पडेल ते लिहायचं, मध्ये डोकं घालायचं नाही. त्या दिवशीही माझा हात थांबला नाही. सर उतारा सोडून तात्यांशी बोलले, तेही शॉर्टहँडच्या रेघांत उतरलं. सवयीनं.

मग त्या रेघा साध्या मराठी अक्षरांत उतरवून काढायला बसलो. तिथं मला कळलं, मी काय लिहिलंय. त्या चार ओळी सोडून देता आल्या असत्या. पेन उचलला. नाही सोडल्या.

"वाच गं," सर म्हणाले.

मी उभी राहिले.

"नव्या खुल्या धोरणामुळे देशातील प्रत्येक तरुणाला समान संधी मिळणार आहे. ही झाडायला हाय का शिकायला. दोन्हीला. सकाळी झाडती, मग शिकती. त्या वस्तीतली ना..."

शेवटपर्यंत वाचलं. बोटं मोडण्यापर्यंत. कुणी हसलं नाही. तात्यांचा पुतण्या खिडकीकडं बघत होता.

"हे उताऱ्यात होतं का?" सर ओरडले.

"तुमी बोललात, सर. मी लिवलं. चूक असंल तर दाखवा."

त्यांनी माझा परीक्षेचा फॉर्म टेबलावर आपटला. "सगळ्यांसमोर माफी माग. तरच यावर सही करीन."

संध्याकाळी आई म्हणाली, "माग की माफी. अंगाला काय भोकं पडतेत का? वरीस वाया जाईल, बाई."

आईचं खरं होतं. तिनं आयुष्यभर असंच निभावलं होतं. मी तिच्यावरच चिडले आणि रडले. पण माफी मागितली नाही. सही झाली नाही. ती परीक्षा बुडाली.

नंतर गेवराईच्या क्लासला गेले, दोन एस्ट्या बदलून. तिथंही पहिल्याच दिवशी झाडू पुढं आला. मी तो भिंतीला लावला आणि म्हटलं, "पाळी लावा. माझ्या पाळीला मी झाडीन."

तिथूनच परीक्षा पास झाले. आज कोर्टात स्टेनो आहे. साहेब सांगतात ते लिहिते. चहाच्या वेळी माझ्या जातीबद्दल कुणी काही बोललेलं कानावर पडलं, तर तेही लिहिते. शब्दाला शब्द, नाव घालून. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलापुढं उभी राहून, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं, त्याला वाचून दाखवते.