समुद्राची मासोळी

आमच्या घरात समुद्र कोणीच पाहिला नव्हता, त्यामुळे समुद्रावर मत मात्र सगळ्यांना होतं. सगळ्यात जास्त मत होतं ते धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला. वरोऱ्याला त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. माय त्यांना जवाईबापू म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते. विशाखापट्टणमला जायचं ठरलं आणि जवाईबापूंनी सोयाबीनचं बियाणं विचारायला आलेल्या गिऱ्हाइकालाही बीच दाखवायला सुरुवात केली. फोनमध्ये प्रत्येक बीचला तारे दिलेले असतात म्हणे. कुठल्या बीचला किती तारे, कुठे गाडी लावायला जागा, कुठली वाळू फोटोत पिवळी येते आणि कुठली काळपट, हे सगळं त्यांना पाठ झालं होतं. घोट्याच्या वर पाणी या माणसानं फक्त न्हाणीत पाहिलेलं, पण लाटा कुठल्या चांगल्या यावर तास तास बोलायचे.

दिवाळीच्या सुट्टीत मी मायला घेऊन वरोऱ्याला गेले तर तिथे हीच पंचायत. एक बीच सूर्योदयासाठी, एक सूर्यास्तासाठी, एक नुसता बसायसाठी. मी म्हटलं, नुसतं बसायला एवढ्या लांब कशाला जायचं, ओटा आहे की. बहिणीला राग आला. तिनं बीचवर घालायची वेगळी टोपी घेतली होती, आणि ती ओट्यावर घालता येत नाही.

माय मात्र या पंचायतीत नव्हती. ती कोपऱ्यात बसून लसूण सोलत होती. "तुम्ही कोनताही पाहा," ती एकदाच म्हणाली. "मले थे जागा पाह्यची हाय, जिथून थे मासोळी येते." जवाईबापू मोठ्यांदा हसले आणि म्हणाले, मामीजी, समुद्र म्हटल्यावर मासे आलेच. मला हसू आलं नाही, कारण माय कशाला येत होती ते मला ठाऊक होतं.

आमचं ढिवराचं घर. मायचं माहेर सिरोंच्याकडे, प्राणहितेच्या काठचं. सासर कुरखेड्याच्या अलीकडचं, मालगुजारीच्या काळातल्या तलावाच्या पाळीखालचं. बाप होता तोवर गावातल्या ढिवरांची संस्था तलाव नीट राखायची. बाप जाळं टाकायचा आणि माय टोपली घेऊन कुरखेड्याच्या बाजारात बसायची. मरळ, कटवा, रोहू, हिवाळ्यात झिंगे. तिचा आवाज असा होता की बाजाराच्या त्या टोकाला कापड पाहणाऱ्या बाईला कळायचं आज मरळ आली आहे. भाव करणाऱ्याला ती आधी शिवी द्यायची, मग मासोळी, आणि वर मूठभर झिंगे फुकट.

मग बर्फाच्या डब्यांची गाडी यायला लागली. हातभर लांब रोहू, सगळ्या एका मापाच्या, आमच्यापेक्षा स्वस्त. आंध्रातून येते म्हणाले. आंध्रात समुद्र आहे, म्हणून बाजारानं तिचं नाव ठेवलं समुद्राची मासोळी. रोहू तर गोड्या पाण्याची, हे आम्हा ढिवरांना काय ठाऊक नव्हतं? पण आमच्या नद्या शेवटी तिकडेच जातात, तेव्हा रोहूही गेली असेल, तिथे खायला भरपूर, तिनं अंग धरलं असेल, असं गावानं ठरवून टाकलं. ज्यात आपल्या डोक्याला त्रास नाही ते गावाला लवकर पटतं.

सगळ्यात लवकर पटलं माझ्या मोठ्या भावाला. बाप गेल्यावर संस्थेचा कारभार त्याच्याकडे आला. तलावात गाळ भरला, काठानं बेशरमाची झुडपं माजली, आणि संस्थेच्या सभेत दर वेळी दोनच विषय, अध्यक्ष कोण आणि चहा कोणाकडे. एखाद्यानं मत्स्यबीज सोडायचं का विचारलं की भावाचं उत्तर ठरलेलं, समुद्रासमोर आपल्या डबक्याचं काय चालते. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण माझ्या भावानं अंगण सोडून थेट समुद्रालाच वाकडं ठरवलं. बाकीचे बाप्ये माना डोलवायचे. एवढा मोठा शत्रू मिळाला की माणसाला काही न करता बसता येतं.

मायनं एक दिवस टोपली उचलली आणि बाजारातून उठली ती उठलीच. घरी बसली, पण मान खाली घालून नाही. बायका हळहळायला आल्या की त्यांना ठणकावून सांगायची, "मी कोनासमोर हारली नाई. समुद्रासमोर हारली." हे वाक्य तिनं इतकी वर्षं अंगावर दागिन्यासारखं वागवलं. म्हणून मी तिला घेऊन निघाले होते. जवाईबापूंच्या ताऱ्यांशी मला काही देणंघेणं नव्हतं.

बल्लारशाहून गाडीत बसलो. रात्रभर जवाईबापू वरच्या बर्थवरून बीचचे व्हिडिओ दाखवत होते. जे उद्या डोळ्यांनी दिसणार ते आज फोनमध्ये बघून घ्यायची ही कसली घाई, मला कळत नाही.

पहिला बीच शहरातलाच. तिथे काठावर एक खरीखुरी पाणबुडी आणून ठेवली आहे आणि माणसं पाण्याकडे पाठ करून तिच्यासोबत फोटो काढतात. माय वाळूत उभी राहून कितीतरी वेळ समोर पाहत राहिली. इतकं पाणी पाहून ती काहीतरी म्हणेल असं वाटलं होतं. तिनं फक्त नाकानं दोनदा वास घेतला आणि विचारलं, मासोळी कुठी हाय? जवाईबापू अभिमानानं म्हणाले, इथे नाही मामीजी, हा साफ बीच आहे. बहीण तोवर टोपी घालून लाटेत जाऊन आली. मायला म्हणाली, पाय तरी ओले कर. माय हलली नाही. आमच्याकडे ज्याच्याशी भांडण त्याच्या घरचं पाणी घेत नाहीत. ती समुद्राकडे भांडायला आली होती.

दुसरा बीच सगळ्यात जास्त ताऱ्यांचा. लांब, टेकड्यांच्या मागे. तिथे रंगीत छत्र्या, भाड्याच्या खुर्च्या, उंटावर बसवणारा एक माणूस आणि कणीस भाजणारी एक बाई. कणीस मी शिकवते त्या जिवतीलाही भाजतात आणि त्यासाठी कोणी तारे देत नाही. मासोळीचा इथेही पत्ता नव्हता. माय खुर्चीवर न बसता खुर्चीशेजारी खाली बसली आणि उंटाकडे अशा नजरेनं बघत राहिली की तोच नजर फिरवून उभा राहिला.

संध्याकाळी सूर्यास्ताचा बीच. याच्यासाठी जवाईबापूंनी सगळ्यांना जेवणावरून उठवलं होतं. आम्ही रांगेनं समुद्राकडे तोंड करून बसलो. जवाईबापू फोन समोर धरून तयार. सूर्य आमच्या पाठीमागे, हॉटेलांच्या मागे, शांतपणे मावळला. पूर्वेच्या किनाऱ्यावर तो समुद्रात कसा बुडणार? मी चौथीच्या वर्गाला भूगोलही शिकवते, पण मुद्दामच बोलले नाही. अंधार पडायला लागला तेव्हा जवाईबापू म्हणाले, आज ढग असतील. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता. एवढ्या फजितीनंतरही रात्री खोलीत बसून ते उद्याचा बीच निवडतच होते, आणि माय भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिला झोप लागली नव्हती, हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं. उद्या रात्रीची परतीची गाडी होती आणि जे पाहायला ती आली ते तिला कोणी दाखवलंच नव्हतं. माझं डोकं फिरलं.

सकाळी मी कोणाला न विचारता रिक्षा ठरवली आणि ड्रायव्हरला हिंदीत सांगितलं, जिथे मासे उतरतात तिथे चल. जवाईबापू फोन काढून मागे मागे आले. त्या जागेला फार कमी तारे होते, आणि लोकांनी लिहून ठेवलं होतं की तिथे घाण वास येतो. मी म्हटलं, तुम्ही नाक इथेच ठेवून या.

वास आला तशी माय रिक्षात सरळ बसली. होड्या लागलेल्या, कावळ्यांचा कालवा, टोपल्याच टोपल्या, आणि बायका अशा भांडत होत्या की मला कुरखेड्याचा बाजार आठवला. हा खरा किनारा, आणि यालाच सगळ्यात कमी तारे होते. माय पदर खोचून एकेक टोपली पाहत निघाली. चपट्या, चोचीच्या, सापासारख्या, लाल डोळ्यांच्या. डोळे झाकून बोटानं मासोळी ओळखणारी माझी माय, तिला त्यातली एकही ओळखता येईना. त्याचं तिला काही वाटलं नाही. ती फक्त एकच शोधत होती, आणि टोपल्या संपल्या तरी ती सापडली नाही.

मग ती एका जाडजूड कोळणीसमोर बसली आणि तेलुगूत बोलायला लागली. तिचं माहेर सिरोंच्याचं, तिला तेलुगू येतं, हे आम्ही सगळे विसरूनच गेलो होतो. आमच्या लहानपणी ती तेलुगूत आकडे मोजायची तेव्हा आम्ही हसायचो. कोळणीनं नाही अशी मान हलवली. मायनं पुन्हा विचारलं, हातानं लांबी दाखवली. कोळणीनं पुन्हा मान हलवली आणि एकच शब्द दोनदा म्हणाली, चेरुवु, चेरुवु. मग बाजाराच्या दुसऱ्या टोकाकडे बोट केलं.

तिथे एक गाडी उभी होती. तसेच बर्फाचे डबे, तशाच हातभर लांब रोहू, सगळ्या एका मापाच्या. समुद्राच्या दारात ती मासोळी गाडीतून विकायला आली होती. मायनं एकीचे कल्ले उचलून पाहिले, पोटावर अंगठा दाबला आणि ओळखलं. गाडीवाल्याशी ती बराच वेळ बोलली. मग तिथेच एका उलट्या क्रेटवर बसली.

"चेरुवु म्हंजे तलाव," ती मला म्हणाली. "हे तलावातली हाय. धानाच्या बांध्या खोदून तलाव केले म्हन्ते तिकडं. बीज सोडते, कोंडा चारते, अन् काढते."

धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आमच्याकडे आहेत. कोंडा आमच्या गिरणीच्या मागे ढिगानं सडतो. आणि तलाव तर आमच्याकडे आयता, बापजाद्यांनी पाळ घालून ठेवलेला. इतकी वर्षं जिच्यापुढे हरल्याचा मान माय मिरवत होती ती मासोळी आमच्यासारख्याच डबक्यात वाढली होती. मला भावाचा असा संताप आला की तो समोर असता तर त्याच्या अध्यक्षपदाच्या खुर्चीसकट त्याला तलावात ढकललं असतं. जवाईबापू नाकाला रुमाल लावून विचारत होते, ताई, झालं का? आता एक चांगला बीच करता येईल.

"जवाईबापू," माय म्हणाली, "तुमचा थो फोन लावा. पोराले लावा. तोंड दिसते तसा."

त्यांनी लावला. भाऊ संस्थेच्या कचेरीसमोर खुर्ची टाकून बसला होता, हातात चहा. मागे दोघं-तिघं बाप्ये. मायला पाहून खूश झाला.

"पाह्यला का समुद्र, माय?"

"पाह्यला. त्याचा काई दोष नाई." ती फार हळू बोलत होती. "थे मासोळी समुद्राची नाई. तलावातली हाय. आपल्यावानीच तलावातली. एवढे सालं तू काय करून राह्यला होता?"

भावानं चहा खाली ठेवला. म्हणाला, आवाज कटून राह्यला माय, टॉवर नसन तिथी.

"इकडं टॉवर फुल हाय, भाऊ," जवाईबापू म्हणाले. त्या सबंध प्रवासात त्यांच्या फोनचा एवढाच उपयोग झाला. "तुम्ही बी साफ दिसून राह्यले."

मायनं त्यांच्या हातातून फोन घेतला, उभी राहिली आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी बाजारातल्या आवाजात. कोळणी भांडायच्या थांबल्या आणि वळून बघायला लागल्या. शब्द त्यांना कळत नव्हते, पण बाई कोणाला तरी उभा फाडते आहे एवढं कळत होतं. तिनं कुरखेड्याचा बाजार सोडल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. भावामागचे बाप्ये एकेक करून फोनमधून बाजूला सरकले.

"मंग मी बाजारातून काऊन उठली?" तिनं विचारलं. "सांग. मी काऊन उठली?"

या खेपेला भावानं टॉवरचं नाव काढलं नाही. त्यानं मान खाली घातली, आणि फोनमध्ये त्याचा विरळ झालेला भांग तेवढा दिसत राहिला. माय फोन तसाच समोर धरून उत्तराची वाट बघत उभी होती.