वाकळीच्या मधोमध

भूकंप झाला तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते. आमचं घर पडलं नाही, नुसतं तडकलं, पण पुढं कितीतरी दिवस आम्ही अंगणातच झोपलो. तेव्हापासून डोक्यावर छत आलं की माझी छाती दाटते. लग्न होऊन जळकोटकडं आले तर सासरी अंगण मोठं. खाट बाहेर टाकायची सवय सगळ्यांनाच होती, त्यामुळं माझं हे दुखणं कुणाला कळलंच नाही. पुढं लेकीला डॉक्टर करायचं ठरलं, तिचे पप्पा गावाकडंच राहिले आणि मी तिच्यासोबत लातूरला, क्लासच्या गल्लीत, एका खोलीत येऊन पडले. वर स्लॅब, त्याच्यावर अजून एक स्लॅब. खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीसमोर.

पहिल्या वर्षी तिला मार्क कमी पडले आणि ती रिपीटला बसली. दुपारी ती क्लासला गेली की मी गच्चीवर पळायची. तिथं माझ्यासारख्याच पोरांबरोबर अडकलेल्या आया हातात काहीबाही विणकाम, शिवणकाम घेऊन बसत. घरमालकीणही असायची. तिला सगळ्या खाला म्हणत. तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजून गाद्या भरायचा धंदा. बाकी कुणाचं नाव कुणी घेत नसे. गावावरून लोह्याच्या वहिनी, उमरीच्या ताई, आणि मी जळकोटच्या ताई. नियम एकच होता, पोरांचे मार्क विचारायचे नाहीत. विचारायचं ते फक्त, 'किती झालं?' म्हणजे हातातलं काम.

रिकाम्या हातानं नुसतं आभाळ बघत बसणं बरं दिसेना, म्हणून मी वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला घेतली. जुन्या साड्या एकावर एक अंथरायच्या, ताणायच्या, टाचायच्या आणि मग कडेपासून दोऱ्याचे फेर घालत मध्याकडं जायचं. हे काम मला चांगलं येतं, असा माझा समज होता. पण आमच्या खोलीत कॉट, टेबल आणि गॅस सोडला तर अख्खी वाकळ पसरायला जागाच नव्हती. गच्चीवर पसरून चार जणींना ताणायला बोलवायचं, तर कोण कशाला उपकार घेईल! मी खोलीतच ती अर्धी अर्धी अंथरून टाचली.

रोज चार वाजता मोबाईलच्या ग्रुपवर कामाचे फोटो पडत. माझ्या प्रत्येक फेराला शाबासकी मिळे. 'लई सुरेख.' 'सोडू नका ताई, होत आलं.' उमरीच्या ताईंचं मण्यांचं तोरण एका बाजूला साफ कलतं होतं, पण मीही लिहायची, छान. लेकीचे टेस्टचे मार्क माझ्याच मोबाईलवर यायचे, त्यामुळं ती हे सगळं वाचायची. एकदा तिनं विचारलं, 'आई, तुला करमतं का गं हितं?' तिचं अभ्यासातून लक्ष उडू नये म्हणून मी तोंडभर हसले. म्हटलं, लई करमतं, आता गावाकडं जायचं नाव नको.

दुसऱ्या वर्षीचा निकाल लागला आणि पुन्हा थोडक्यात हुकलं. खरं सांगते, वाईट वाटायच्या आधी मला अंगणातली खाट आठवली. भांडी कोणत्या पेटीत भरायची तेही मनात ठरून गेलं. एवढ्यात ती म्हणाली की अजून एक वर्ष बसते. आता तिची जिद्द मोडणारी मी कोण? मी म्हणाले, बस. गच्चीवर सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. अशी आई पाहिजे, म्हणाल्या.

तिसऱ्या वर्षीचे क्लास सुरू व्हायला आठवडा होता तेव्हा वाकळ मध्यावर आली आणि मध्ये हा एवढा फुगवटा उभा राहिला. दोरा कुठूनही घाला, कापड बसेना. लोह्याच्या वहिनी म्हणाल्या, चार दिवस अंगाखाली घेतली की दबेल. ग्रुपवर फोटोला नेहमीसारखी शाबासकी पडली. खालानं मात्र फुगवट्यावरून हात फिरवला आणि मला बाजूला घेतलं.

'पहिल्याच फेरात आतली साडी ढिली राहिली, बेटी. तवापासून सगळा ढिलेपणा तू मध्ये ढकलायलीस.'

'मग तवाच का बोलला न्हाईत?'

'तू इतकी खुश दिसायली होतीस. म्हटलं, कशाला मोडायचं?'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली येऊन मी वाकळ कॉटवर आपटली आणि लेकीसमोर तोंड सोडलं. वर्षभर सगळ्या बघत होत्या आणि एकीनं म्हणून खरं सांगितलं नाही. असल्या मैत्रिणी काय चुलीत घालायच्या आहेत?

लेक पुस्तकावरून मान वर न करता म्हणाली, 'मीबी न्हाई सांगितलं.'

मला वाटलं ती वाकळीचंच बोलते.

'मला न्हाई व्हायचं डॉक्टर. पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण तुला हितं मैत्रिणी मिळाल्या. घरी कधी तू एवढी हसली न्हाईस. म्हणून म्हटलं, बसावं अजून.'

मग मीही सगळं सांगितलं, स्लॅबचं, छातीचं, खाटेचं. हितं मला एक दिवसबी करमलं न्हाई, म्हणाले. तिनं पुस्तक मिटलं.

'मग आपण हितं कुणासाठी राहायलाव?'

मला तिच्याकडं बघवेना. मी मोबाईल घेतला आणि ग्रुपवर पहिल्यांदा खरं ते लिहिलं, 'वाकळ वाया गेली. पहिल्यापासून चुकलं होतं. सोडून देते.' उत्तरं धडाधड आली. होईल ताई. हिंमत नका हरू. इतकं केलंत, अजून थोडंच राहिलंय.

आम्ही दोघी एकाच मोबाईलवर डोकं घालून ते वाचत होतो. आधी हसू आलं, मग दोघींनाही रडू आवरेना. थोड्या वेळानं तिनं मोबाईल माझ्या हातातून काढून पालथा ठेवला आणि दोरा उसवायला ब्लेड मागितलं.

'पप्पांला मी सांगते,' ती म्हणाली, 'तू भांडी भर.'