खालच्या पट्टीतली जागा

मागच्या हिवाळ्यात, सैन्याच्या गायनपथकाच्या बंगळुरूतल्या जाहीर कार्यक्रमात, माझ्या धाकट्या भावाला एकट्याने गायची ओळ आली आणि त्याच्या गळ्यातून आवाज निघाला नाही. बासरीवाल्याने ती ओळ वाजवून काढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ती ओळ खरं तर दुसऱ्या जवानाची. तो तापाने पडला, म्हणून पथकाच्या सुभेदारांनी दुपारी भावाला ती गायला सांगितलं. भाऊ नाही म्हणाला नाही.

पथकात एक रीत आहे. दौऱ्यावर कुणाचा घसा बसला, तर त्याने रांगेत उभं राहून नुसते ओठ हलवायचे. शेजारचे दोघे आवाज चढवून त्याचा भाग गातात. एरवी घसा चार दिवसांत मोकळा होतो. भाऊ खालच्या पट्टीत गायचा; दिवाळीपासून तो नुसते ओठ हलवत होता. पथकातून नाव गेलं की मूळ युनिटमध्ये परत जावं लागतं, आणि तिथे गाणं नसतं.

कार्यक्रमानंतर मी रंगमंचामागे गेले. रांगेत भावाशेजारी उभा राहणारा कोल्हापूरकडचा जवान म्हणाला, "ताई, हा रोज म्हणायचा, उद्या गातो. याचं गाऊन गाऊन आमचा घसा बसायची पाळी आली."

"गिळताना दुखतं का?" मी भावाला विचारलं.

"साहेबांसमोर नको, ताई," तो कुजबुजला.

"साहेब समोरच आहेत," सुभेदार म्हणाले. ते साताऱ्याचे. मग म्हणाले, "मला खालची पट्टी रोज पूर्ण ऐकू येत होती. कमी आली असती तर विचारलं असतं."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः त्याला सैनिकी रुग्णालयात घेऊन गेले. तपासणीत स्वरयंत्राचा कर्करोग निघाला. गाठ बाहेर पसरली होती. आवाज बसला तेव्हाच आला असता तर कदाचित नुसत्या किरणोपचारांवर भागलं असतं, असं डॉक्टरांनी मला सांगितलं. भावाने ते ऐकलं. त्याने एवढंच विचारलं, "पथक निघालं का?"

पथक सकाळीच चेन्नईला गेलं होतं.

शस्त्रक्रियेत स्वरयंत्र पूर्ण काढलं. नंतर तो बंगळुरूतच, एचएसआर लेआउटमध्ये माझ्या घरी राहिला. लागेल ते मोबाइलवर लिहून दाखवायचा. पथकात त्याच्या जागी दुसरा जवान घेतला आहे. भाऊ सध्या युनिटच्या कपड्यांच्या भांडारात कामाला आहे.